वाढदिवसाचं पुस्तक

संपदा कारखान्याची प्रमुख झाली म्हणून बडोद्यातल्या मंडळाने तिचा सत्कार केला. "तुम्हाला इंजिनिअर कोणत्या पुस्तकाने केलं?" असं निवेदिकेने विचारलं, तसा पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांचा चेहरा फुलला. संपदाने नेहमीचंच उत्तर दिलं. लहानपणी बाबांनी वाढदिवसाला दिलेलं, धरणं बांधणाऱ्या एका इंजिनिअरचं चरित्र. सभागृहात टाळ्या पडल्या.

खरं तर त्या पुस्तकाचा तिला कंटाळा यायचा. पण ते तिच्या हातात दिसलं की बाबा खूश व्हायचे, म्हणून ती त्यांच्यासमोर मुद्दाम तेच उघडून बसायची. पुढे त्यांनीच तिला इंजिनिअरिंगला घातलं आणि तिला नाही म्हणता आलं नाही. नोकरी लागल्यापासून रोज सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना तिचा जीव गुदमरायचा.

कार्यक्रमानंतर बाबांसोबत गाडीतून घरी परतताना तिने मनाशी ठरवलं, आज बाबांना सगळं सांगून टाकायचं. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तिने विषय काढला, "बाबा, तेच पुस्तक का हो दिलंत मला?"

"अगं, मला ऑफिसात कुणीतरी भेट दिलेलं. घरात पडून होतं, म्हणून तुला दिलं," बाबा हसले. मग म्हणाले,

"तुझा चित्रकलेतला हात बघून मला तर तुला फाइन आर्ट्सला घालायचं होतं. पण तू ते पुस्तक खाली ठेवायलाच तयार नसायचीस. मग म्हटलं, पोरीच्या आवडीच्या आड आपण येऊ नये."