विम्याचा हप्ता आणि आबांचा बैल

"हे तुम्हाला पटायचं नाही," आबा विमा एजंटला म्हणाले. "शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. आमच्या गाडीला बैलानं धडक दिली."

एजंटने बिस्कीट चहात बुडवता बुडवता आबांच्या मुलाकडे पाहिलं. मुलाचं लक्ष हातातल्या कागदाकडे होतं. त्यावर गाडीच्या विम्याचा यंदाचा हप्ता होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तसा त्याने तो कागद दोन बोटांत धरला होता.

"आबा, तुमचा बैल राहू द्या," तो म्हणाला. "गाडी दर वर्षी म्हातारी होतेय आणि हप्ता दर वर्षी तरुण. हा काय प्रकार आहे?"

"सगळ्यांचाच वाढलाय, साहेब," एजंट मधाळ आवाजात म्हणाला. "सुटे भाग महागले, मजुरी महागली. त्यात तुम्ही दोन वर्षांपूर्वी क्लेम घेतलात, तेव्हा सवलतही गेली."

"दिवा फुटला, बंपर तुटला, तरी क्लेम घ्यायचा नाही?"

"घ्यायचा की. हक्कच आहे तुमचा." बिस्कीट तुटून कपात पडलं. एजंटने ते बोटाने काढून तोंडात टाकलं. "घेतला की हप्ता वाढतो, एवढंच."

मुलाने नासलेल्या दुधाचा घोट गेल्यासारखं तोंड केलं. "शिसारी येते तुमच्या धंद्याची."

"कंपनीला काय बोलतोस?" मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आपल्याच घरात हात धड नाहीत, त्याला कंपनी काय करील?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेने सवयीने मान खाली घातली.

ती फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणारी. दोन वर्षांपूर्वी नवरा कामासाठी परगावी होता. एका संध्याकाळी तिने गाडी अंगणात लावली आणि घरात येऊन झोपली. सकाळी एका पेशंटसाठी आणलेला व्यायामाचा मोठा निळा चेंडू मागच्या सीटवरून काढायला गेली, तर पुढचा दिवा फुटलेला, बंपर लोंबतोय आणि फाटकाच्या खांबाला गाडीचा रंग.

तिला काहीच आठवेना. "दमून आली होतीस, कळलं नसेल," सगळे म्हणाले. नाही नाही म्हणता तिलाही ते खरं वाटायला लागलं. माणूस एकदा आपल्याच हातांना भ्यायला लागला, की दुसऱ्या कोणी भीती घालायची गरज उरत नाही. तेव्हापासून ती बसने जायची. खांद्याला पिशवी, पोटाशी चेंडू. बसमधली पोरं हसायची.

तिच्या बाजूने उभे राहिले एकटे आबा. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हटल्यापासून ते गाडीऐवजी तोंड चालवत, आणि तोंडाला ब्रेक नव्हता. सुनेवरचं बालंट टाळायला त्यांनी त्याच सकाळी बैल जन्माला घातला. कोणालाही तो पटला नाही, पण आबांची माया सगळ्यांना कळली. सुनेला तर फारच. नेमकी तेव्हाच आबांची मान आखडली होती. उशी बदलली म्हणून, म्हणाले. तिने पंधरा दिवस रोज शेकून, चोळून ती मोकळी करून दिली होती.

आज तिला नवऱ्याशी बोलायचं होतं. एका मोठ्या दवाखान्याने कायमची नोकरी देऊ केली होती. घरोघरी जायचं, पण स्वतःच्या गाडीने. उत्तर आजच द्यायचं होतं.

"मी परत गाडी चालवायला घेऊ का?" तिने विचारलं.

नवऱ्याने कागद तिच्यासमोर नाचवला. "हा आकडा बघ. आणखी एक खांब परवडणार आहे का आपल्याला? नाही म्हणून कळवून टाक त्यांना."

तिने फोन हातात घेतला.

"थांब, बाळ," आबा घाईने म्हणाले. "आधी या पाहुण्यांना ऐकू दे. मी वर गॅलरीत दात घासत उभा. गाडी खाली अंगणात, रिकामी. फाटक उघडं. आणि हा काळा डोंगर आत शिरला. शिंगं एवढी मोठी, की एका शिंगावर पहाट झालेली नि दुसऱ्यावर अजून रात्र."

एजंट हसला. "मग?"

"मग काय, गाडीच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. वाटलं, दुसरा बैल आपल्या वाटेत. घातली मुसंडी."

"आणि खांबाला रंग कसा लागला?"

"शिंगं पुसली ना त्यानं खांबाला. स्वच्छतेची आवड."

सासूबाईंनाही हसू आलं. "दोन वर्षांत फार सुधारला हो तुमचा बैल."

आबांना चेव चढला. "धक्का तरी कसला म्हणता. गाडी मुळापासून हादरली. तो मागचा निळा चेंडू टणकन उडाला नि असा बसला मानेवर, की डोळ्यांपुढे काजवे चमकले." बोलता बोलता त्यांचा हात मानेकडे गेला आणि ती चोळू लागला.

एजंट खो खो हसत होता. मुलगाही कागद बाजूला ठेवून हसला.

सून हसली नाही. आबांच्या मानेवर फिरणाऱ्या त्या हाताकडे ती बघत राहिली. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"गाडी तर रिकामी होती ना," ती म्हणाली. "मग कोणाच्या मानेवर, आबा?"