रोज संध्याकाळची टेप

टेबलावरच्या यंत्रातून टेप खट्कन बाहेर आली आणि शांत घरात मी दचकले. ही टेपही कोरी निघाली. एका कंपनीचा जुना डेटा नव्या सर्व्हरवर हलवायचं काम मी घेतलं होतं. त्याच कंपनीत वीस वर्षं रोज संध्याकाळी बॅकअपची टेप बदलणारे माझे बाबा समोर नातीची वेणी घालत होते. "एक दिवस चुकवला नाही. तुझ्या लग्नातूनसुद्धा पळत जाऊन टेप बदलून आलो! तुझी आई आठवडाभर बोलली नव्हती," ते हसले. त्यांच्या अक्षरात लग्नाची तारीख लिहिलेली टेप शोधून मी लावली. तीही कोरी. कंपनीचं यंत्र टेपवर काही उतरवतच नव्हतं आणि कुणी कधी तपासलंच नव्हतं. "सगळं नीट आहे ना गं?" बाबांनी विचारलं. लेकीनं टेप कानाशी हलवली. "आई, आजोबांनी यात काय ठेवलंय?"