बिनपेट्रोलची गाडी

चढणीच्या मध्यावर गाडीने मान टाकली. आवाज मुळात नव्हताच, त्यामुळे ती बंद पडली की नुसती विचारात पडली, हे मैमुनाला कळेना. शेजारी तिचा नवरा मुसा पेडल दाबून घामाघूम झाला होता.

कुवेतच्या विमानतळावर सामान ओढणाऱ्या विजेच्या गाड्या तो दुरुस्त करायचा. राजीवाड्यात परतला तो विजेवरच्या गाडीचं खूळ डोक्यात घेऊनच. अंगणातल्या जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळं त्याने उपटलं. मुंबईच्या भंगारातून मोटर आणली. मागची सीट काढून तिथे ट्रकच्या बॅटऱ्या रचल्या. कुवेतची कमाई बॅटऱ्यांत गेली, उरलेली तारांत. वजनाने स्प्रिंगा बसल्या. रात्री गाडी चार्जिंगला लावली की घरातले दिवे काजव्याएवढे व्हायचे.

"पेट्रोलचा खर्च वाचला ना?" मुसा विचारायचा.

"एवढ्यात जन्माचा पेट्रोल आला असता," शेजारचा रशीद म्हणायचा, "वर टँकर फुकट."

आज पहिली स्वारी. खाडीकडून वर बाजारात. गाडी इतकी हळू, की रशीद आणि निम्मी वाडी चालतच मागे आली होती.

"उतर गो, वजन कमी कर," मुसा म्हणाला.

मैमुना उतरली. गाडी वीतभर पुढे गेली आणि हातभर मागे आली. तिने पटकन चाकाला दगड लावला.

"मुसाभाय," रशीद ओरडला, "खरा वजन तर आत बसलाय!"

सगळी चढण हसली. मुसा उतरून ढकलायला मागे गेला. पण स्टिअरिंगला कोण? रशीद तर त्याच्याहून जाडा.

"मैमुने, तू बस. नुसती सरळ धर. वर गेलीस की थांबव."

लग्नापासून ती 'मला शिकवा' म्हणत होती. 'गिअर टाकायला अक्कल लागते,' हे त्याचं ठरलेलं उत्तर. आता गाडीत गिअरच नव्हता. पायाशी दोन पेडलं होती. एक चालायचं, एक थांबायचं. एवढी अक्कल तिच्याकडे होती.

गाडी चढली. सपाटी लागली.

"थांबव! ब्रेक दाब!" मुसा मागून ओरडला.

मैमुनाने ऐकलं. बिनआवाजाच्या गाडीत सगळं स्वच्छ ऐकू येतं. तिने चालायचं पेडल आणखी दाबलं.

बाजारात माणसं दुकानांतून बाहेर आली. मासळीवाल्या गिऱ्हाईक सोडून उभ्या राहिल्या. समोर कुणी नसताना मैमुनाने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. तिला हसू आलं, पाठोपाठ डोळे भरले, आणि यातलं काहीच तिने आवरलं नाही.

परत आली तेव्हा मुसा चढणीच्या माथ्यावर बसून धापा टाकत होता. लोक बघतायत म्हणून तो ऐटीत उठला आणि तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

मैमुना जागची हलली नाही.

"पलीकडून बसा," ती म्हणाली. "उताराला तुमचं वजन चालतं."