माहेरची घागर

वच्छलाबाईंनी घागर तुरीच्या पोत्यामागे ढकलली आणि वर गोधडी टाकली. "सापडत नही, सांगी दे," त्यांनी अन्वरला ठणकावलं.

अन्वर वाचनालयाचा चिटणीस. पिंप्राळ्यातलं हे घर रुपचंदभाऊंनी मरण्याआधी वाचनालयाला देऊन टाकलं होतं. मागची खोली तेवढी बायकोला, वच्छलाबाईंना. आज उद्घाटन. बाहेर टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता आणि त्यावर चिठ्ठी ठेवली होती: 'गावविहिरीचं पहिलं पाणी मंजुळाबाईंनी या घागरीत भरलं. १९७२.' घागरीची जागा अजून रिकामी होती.

ती चिठ्ठी वाचल्यापासून वच्छलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. घागर त्यांची. लग्नात बापाने दिलेली, तांब्याची, गळ्यावर 'वच्छला' असं कोरलेली. बहात्तर साली ती दोघं चोपड्याकडच्या खेड्यात राहत. दलितांनी गावविहिरीवर जायचं ठरलं, त्या सकाळी भाऊ चुलीपाशी येऊन म्हणाले होते, "मडकानं काही खरं नही. तुनी घागर दे. अन तू घरच थांब, पन्नास मानसंना भाकरी लागतीन."

घागर गेली शेजारच्या मंजुळाच्या डोक्यावर. वच्छलाबाई भाकरी थापत बसल्या. पेपरात फोटो आला तो मंजुळाचा. दगड आले, कपाळाला सात टाके पडले, तेही मंजुळाच्याच. लोक तिची पट्टी पाहून हात जोडायचे आणि वच्छलाबाईंना त्या टाक्यांचासुद्धा हेवा वाटायचा. पुढे भाऊंनी पिंप्राळ्यात बिऱ्हाड केलं, पण सभेत नाव घ्यायचे ते मंजुळाबाईंचं. दोघांचं काही असेल असं वच्छलाबाईंच्या मनात कधी आलं नाही. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं!

दहाच्या सुमाराला मंजुळा रिक्षातून उतरली. पाहुण्यांकडे न बघता ती थेट मागच्या खोलीत आली.

"वच्छला, घागर कोठे शे?"

झालं. वीस वर्षांचं साठलेलं एकदम उसळलं. वच्छलाबाईंनी गोधडी फेकली, घागर ओढून काढली आणि तिच्यापुढे आपटली.

"मना बापनी घागर, मनं नाव, अन चिठ्ठी तुनी! माले उचलता येत नव्हती का?"

मंजुळाने विचारलं, "तुले भाऊनी कधीच सांगं नही?"

"काय?"

"आदला दिन बैठक बसनी. दगड जमा करी ठेयेल शेतस, अशी खबर उनी व्हती. जी पहिली घागर भरी, तिलेच दगड लागी, हाई समदासले ठाऊक व्हतं. तोताराम म्हने, वच्छलाबाईले पुढे करूत. भाऊ म्हने, तिले नको. अन मंग त्यासनी मनाकडे दखं."

वच्छलाबाई पोत्यावर बसल्या. मडकं नको, तांब्याची घागर हवी, घरीच थांब. त्या सकाळचा शब्द न् शब्द त्यांना पुन्हा ऐकू आला. भाकरींना त्या दिवशी माणसंही फारशी आली नव्हती.

बाहेर अन्वर पाहुण्यांना बसायला सांगत होता. वच्छलाबाई उठल्या. पदराने त्यांनी घागर पुसली, गळ्यावरचं नाव पुसलं, दगडाने पडलेला पोचाही पुसला. मग दोन्ही हातांनी ती मंजुळापुढे धरली.

"तूच लई चाल. तुनीच शे ती."

मंजुळाने हात पुढे केला नाही. कपाळावरचा पदर तिने नीट केला.

"वच्छला, तुले घरमा ठेवनारा मानूस व्हता," ती म्हणाली. "त्या दिनपासून मी तुनाच हेवा करी राहिनू."