पायाशी गार

बॉनेटखाली वाकलेल्या तिला पत्र्यावर दोन ठोके ऐकू आले. एक ठोका म्हणजे गरम, दोन म्हणजे गार. चालू इंजिनापुढे ओरडून बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दोघांनी ही भाषा ठरवून टाकली होती. नवऱ्याने केबिनमध्ये बसून सांगायचं, तिने बाहेर राहून शोधायचं. तिचं माहेर गॅरेजवाल्यांचं, आणि हात बारीक. त्याचा पंजा जिथे अडकायचा तिथे तिची बोटं सहज जाऊन यायची.

म्हणजे अजून गारच. ती पाठीला हात लावून सरळ झाली. आवारात बर्फ इतका सावकाश पडत होता की प्रत्येक पाकळी आधी जागा बघते आणि मग खाली बसते, असं वाटावं. फाटकापलीकडचा रस्ता कधीच दिसेनासा झाला होता. जुना ट्रक विटा लादून उभा होता आणि झोपलेल्या जनावरासारखा एका लयीत थरथरत होता. दुपारी त्याला घाटापलीकडे पोचायचं होतं.

ही खेप जाणार की नाही, ते हीटरवर ठरणार होतं. सकाळी चहा ओततानाच तिने सांगून टाकलं होतं, की गारठलेल्या माणसाने घाटात जायचं नाही, हीटर लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडणार नाही. त्यावर त्याने मिस्त्रीणबाईंचा हुकूम म्हणत कपाळाला हात लावला होता. गाडीचं वय झालंय, आपलंही झालंय, थोडं गार लागायचंच, असंही पुटपुटला होता. पण रोज संध्याकाळी घरी आला की तक्रार त्याचीच असायची. वर ठीक आहे, पायाशी येत नाही.

पंधरवडाभर ती या पायाशी न येणाऱ्या उष्णतेच्या मागे होती. आधी रेडिएटरचं पाणी बघितलं. मग पाइपांत अडकलेली हवा बुडबुडा बुडबुडा करून बाहेर काढली. थर्मोस्टॅट बदलला. हीटरची जाळी धुतली तेव्हा आतून गंजाचं तपकिरी पाणी निघालं, आणि तिला वाटलं, सुटलो. तरीही दोन ठोके आले. आज तिने हवा पायाकडे वळवणारी झडप तपासली. तीही पूर्ण उघडत होती.

एक ठोका मारून तो केव्हाच सुटला असता आणि रस्त्याला लागला असता. पण या भाषेत खोटं बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

तिने हातमोजा काढला आणि हीटरकडे जाणाऱ्या पाइपाला बोट लावलं. चटका बसला. परत येणाऱ्या पाइपाला लावलं. तिथेही चटका. पंख्याची घरघर नीट ऐकू येत होती. बर्फाचे चार कण तिच्या मनगटावर पडून विरघळले आणि ती ते बघत राहिली. उष्णता अशी वाटेत हरवत नाही. ती आत जात असेल, तर आत कुठेतरी पोचलेलीच असणार.

ती वळसा घालून केबिनच्या दाराशी गेली आणि पायरीवर चढून आत शिरली. तिचा चष्मा एकदम पांढरा झाला. काही क्षण तिला काहीच दिसलं नाही. नुसती ऊब होती, दुलईत तोंड खुपसल्यासारखी, आणि त्या उबेतून नवऱ्याचा आवाज आला. राहू दे आता, हात गोठतील तुझे, तो म्हणत होता. पायाशी येत नाही तर नाही, आणखी एक मोजा चढवतो.

तिने चष्मा पुसला. त्याने कोटाची बटणं सोडली होती. कपाळ घामाने चकाकत होतं. उजवा बूट काढून त्याने तो पाय गरम हवा सोडणाऱ्या खालच्या जाळीला टेकवून ठेवला होता.

ती खाली वाकली आणि पायाशेजारी तळहात धरला. धरवला नाही, लगेच मागे घेतला.

ती सीटपुढच्या मोकळ्या जागेत कशीबशी बसली. त्याचा पाय उचलून तिने मांडीवर घेतला. मोजा नुकती इस्त्री केल्यासारखा तापला होता. तो काढल्यावर तळवा दिसला. लालबुंद, आणि अंगठ्याखाली फोड येऊ घातलेला. नवरा काचेपलीकडे पडणाऱ्या बर्फाकडे बघत होता. मिस्त्रीणबाई आज पाया पडतायत, असं काहीतरी हसत म्हणालासुद्धा.

तिने अंगठ्याचं नख त्याच्या तळव्यात रुतवलं. आधी हळू, मग जोरात, पांढरा चंद्र उमटेपर्यंत.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय?" तो म्हणाला. नजर अजून बाहेरच होती.

तिने हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. इतकी शांतता झाली की बर्फ पडतानाही आवाज होतो असं वाटलं. गाडी का बंद केली म्हणून त्याने विचारलं, बिघाड सापडला का म्हणून विचारलं. तिने किल्ली काढून पोलक्यात खोचली आणि तो पाय दोन्ही हातांत घट्ट धरून बसली.

काल संध्याकाळी त्याने याच पायाने ब्रेक दाबत भरलेला ट्रक घाट उतरवून आणला होता.