फुलपाखरांची कोरी वही

आमचे हे निवृत्त ड्राफ्ट्समन. यंदा उन्हाळाभर बागेतल्या फुलपाखरांची नोंद ठेवायची म्हणून त्यांनी पट्टीने रकाने आखून वही केली: तारीख, वेळ, रंग, कोणत्या झाडावर. झाडांची बडदास्तही तशीच. रोज सकाळी चहाच्या आधी भिंग नि चिमटा घेऊन लिंबाच्या झाडावरची एकेक अळी वेचायची आणि हळूच भिंतीपलीकडे, शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या बागेत सोडायची. "जीव मारायचा नाही, पण आपलं पानही कुरतडू द्यायचं नाही," असं वर मलाच ऐकवायचे.

उन्हाळा सरत आला. आमचं लिंबू हिरवंगार, वही कोरी. भिंतीपलीकडे मात्र फुलपाखरांची नुसती झुंबड! दोन दिवस चिमटाही हाती न धरता धुसफुसून झाल्यावर यांनी भिंतीवरून विचारलंच, "बाई, तुम्ही झाडांना घालता तरी काय?"



"मी कुठे काय घालते? तुम्ही पाठवता त्या अळ्या उचलून आमच्या लिंबावर ठेवते, एवढंच. दोन दिवस एकही आली नाही, तब्येत बरी आहे ना?"