उशाशी बटण

मुलाने सुनेच्या ट्रंपेटसाठी आवाज बाहेर न जाणारी खोली बांधली. भिंती दुहेरी केल्या, दाराच्या कडांना रबर बसवलं. तरी सून दार लावेना. "आई, तुम्ही हाक मारलीत तर ऐकू कसं येणार?" मी तीन वर्षं अंथरुणावर, तेव्हापासून तिचा ट्रंपेट पेटीत. मी वायरमनकडून उशाशी बटण बसवून घेतलं. दाबलं की तिच्या खोलीत दिवा लागतो. "दाबाल ना? संकोच नका करू." "सासू आहे मी. संकोच कसला? लाव दार!" थोड्या वेळाने घसा कोरडा पडला. पाणी हाताच्या टप्प्यापासून वीतभर लांब होतं. बोट बटणावर गेलं. तिने माझ्यासाठी तीन वर्षं काढली, मला एक तास जड का व्हावा? बोट मागे घेतलं. तासाभराने ती हसत आली. मी लागोपाठ दोन पेले मागितले. "कधीची तहान लागली होती?" "आत्ताच लागली."